जाकडावरची डिस्क

बीडच्या कापडबाजारात शिवलिंगप्पांच्या दुकानाचं नाव होतं ते मालापेक्षा जाकडासाठी. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी गादीवर बसून चहा पीत, साड्यांचा ढीग उपसत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आणि शेवटी त्यांच्यातला कोणीतरी कर्ता पुरुष डोकं खाजवत म्हणे की घरी बायकांना दाखवल्याशिवाय काही नक्की करता यायचं नाही. मग शिवलिंगप्पा गालातल्या गालात हसून चार साड्या कापडात बांधून त्याच्या हाती देत. घरी न्या, बघा, पसंत पडेल ती ठेवा, बाकीच्या परत आणा. याला जाकड म्हणतात. त्याला कागद लागत नाही, सही लागत नाही. माणसाच्या शब्दावर चालणारा व्यवहार. शिवलिंगप्पांच्या मात्र दोन अटी असत. साडी खांद्यावर टाकून बघावी, पण नेसू नये. आणि घरातल्या बाईने एकदा पसंती सांगितली की नेणाऱ्या पुरुषाने मध्ये तोंड घालू नये, कारण नेणारा हा नुसता हमाल असतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा केदारनाथ या जाकडातच लहानाचा मोठा झाला होता. परत आलेली साडी हातात घेतली की ती नुसती बघितली गेली की कोणी गुपचूप लग्नात मिरवून आणली, हे तो घडीवरून, निऱ्यांच्या जागी राहिलेल्या बारीक मोडीवरून, काखेच्या बाजूला रेंगाळणाऱ्या पावडरच्या वासावरून ओळखत असे. गिऱ्हाईक शपथा घेत असताना हा साडी नाकाशी नेऊन शांतपणे म्हणे की पंगत झकास झाली असणार, मठ्ठ्याचा डाग आहे. त्याच्या या गुणाचं बाजारात कौतुक होतं. घरात तितकं नव्हतं, कारण दुकानातला स्वभाव दुकान बंद करताना आत ठेवून कुलूप लावता येत नाही. बायको माहेराहून एक दिवस उशिरा आली, तर तिची पिशवी उचलून आत ठेवताना केदारनाथ मनातल्या मनात तिचं वजन करत असे.

रोहिणी उदगीरची. तिला हे सगळं कळत होतं, आणि ती बोलत नव्हती. त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. फार होतं, फक्त ते दाखवायला त्याला सवड नव्हती. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून तो जो दुकानात जाई तो दिवेलागणीलाच परते. दुपारचा डबा दुकानात जाई. दुपारी घरी येऊन जेवत जा, असं ती लग्नानंतर पहिलं वर्षभर म्हणाली, आणि मग म्हणायची थांबली.

अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. बीडमध्ये गल्लोगल्ली एसटीडीची दुकानं झाली होती, गच्च्यांवर डिश बसल्या होत्या, आणि बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत जिथे भिंत मोकळी दिसेल तिथे कॉम्प्युटर क्लासची जाहिरात रंगवलेली होती. केदारनाथाच्या डोक्यात एक कल्पना शिरली. बस्ता बांधायला येणारी मंडळी पत्रिका छापून घ्यायला प्रेसवर हेलपाटे घालतात. त्यापेक्षा आपणच घरी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून दिली तर साडीबरोबर पत्रिकाही आपल्याकडे. तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडलेला परवडतो, असं त्याला जाणकारांनी सांगितलं होतं. औरंगाबादच्या खेपा झाल्या. मॉनिटर तर तो एसटीत मांडीवर घेऊन आला, आणि कंडक्टरने गमतीने त्याचं अर्धं तिकीट मागितलं. माडीवरच्या खोलीत टेबल आलं, कॅबिनेट उघडं करून ठेवलं गेलं, त्यात एकेक भाग बसला. राहिली फक्त हार्ड डिस्क, आणि तिथे घोडं अडलं.

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची कोठी. जे काही करायचं, जपून ठेवायचं, ते सगळं तिच्या पोटात. ती निवडायची तर ओळखीच्या माणसाकडून, म्हणून केदारनाथ बंकटकडे गेला. बंकट पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता त्याच जागेत कॉम्प्युटरचे भाग विकायचा. खांदे पाडून बसणारा, अबोल माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचा. त्याने काउंटरवर फडकं पसरून दोन डिस्क ठेवल्या. एक दोन जीबीची, कोरी करकरीत, पाकिटातून अजून बाहेर न आलेली. दुसरी चार जीबीची, जागा दुप्पट, पण एकदा कुठेतरी लागून परत आलेली. भाव दोन्हींचा सारखाच.

कोरी घ्यावी तर चित्रं आणि फाँट भरून ती वर्षभरात तुंबणार. मोठी घ्यावी तर ती दुसऱ्याच्या घरात राहून आलेली. केदारनाथाने सवयीने मोठी डिस्क उचलली, उलटीपालटी केली, स्क्रूच्या खाचा बघितल्या, नाकाशीही नेली. कसलाच वास नव्हता. परत आलेल्या मालावरून काहीच कळू नये, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

"ही परत का म्हून आली?" त्याने विचारलं.

"त्या घरात दुसरी पसंत पडली," बंकट भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "हिच्यात खोट काय न्हाई."

एवढ्यावर केदारनाथाचं समाधान होणं शक्य नव्हतं. त्याने दोन्ही डिस्क जाकडावर मागितल्या. बंकटने आधी नाही म्हटलं. हे काय कापड आहे का, नाजूक वस्तू, हाताळून खराब होतात, वगैरे. बंकटच्या बहिणीचा बस्ताही जाकडावरच दिला होता, याची केदारनाथाने आठवण करून दिली, तेव्हा कुठे तो गप्प झाला, आणि मग पहिल्यांदाच त्याने मान वळवून केदारनाथाकडे नीट बघितलं. अंगाखांद्यावरून नजर फिरवत, सावकाश.

"न्या दोन्ही," तो म्हणाला. "लावून बघा. पण पसंती घरातल्यांची घ्या. तुमच्याच दुकानाची रीत हाय ती."

श्रावण संपायच्या आत आपण स्वतः घरी येऊन नको असलेली डिस्क घेऊन जाऊ, असं त्याने सांगितलं. केदारनाथाने दोन्ही डिस्क साड्या बांधतात तशाच एका कापडात बांधल्या आणि घरी आणल्या.

दोन्ही डिस्कवर बंकटने तेच विंडोज आणि तेच मराठी फाँट भरून दिले होते. केदारनाथ कॅबिनेटचा पत्रा लावतच नसे. एक डिस्क काढायची, दुसरीला केबल जोडायची, की काम सुरू. एक दिवस ही, एक दिवस ती, असा त्याने क्रम ठेवला. सकाळी दुकानात जाण्याआधी तो थोडा वेळ बसे आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. दोन्ही डिस्क चालत होत्या. कोरीचा आवाज थोडा चिरका होता, मोठीचा खोल आणि सावकाश, एवढाच काय तो फरक.

मोठी डिस्क पहिल्यांदा लावली त्या संध्याकाळी रोहिणी चहा घेऊन माडीवर आली. केदारनाथाने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्याला चहा पाकासारखा गोडच हवा असे. वडिलांना, आप्पांना, साखरेचा आजार, तेव्हा तुम्हीही आतापासून जपा, म्हणून रोहिणी वर्षानुवर्षं मागे लागली होती आणि त्याने कधी ऐकलं नव्हतं. या चहात साखरेचा कणही नव्हता.

"तुमीच न्हवं का दुपारी म्हणलात, आजपासून साखर बंद," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एक वेगळाच आनंद होता. दुपारी आपण दुकानात होतो, असं तो म्हणाला, तेव्हा ती चेष्टा समजून हसली आणि खाली गेली. केदारनाथाला वाटलं, हा आईचा आणि हिचा मिळून केलेला बेत असणार. दुसऱ्या दिवशी कोरी डिस्क लावलेली होती, आणि चहा नेहमीसारखा गोड आला. बेत एका दिवसात बारगळला म्हणून तो मनात हसला.

पुढच्या खेपेला मोठी डिस्क लावली तेव्हा त्याने सकाळी चौसाळ्याच्या एका गिऱ्हाइकाची पत्रिका जुळवायला घेतली होती. वरची दोन नावं टाकून, बाकी तशीच सोडून तो दुकानात गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर पत्रिका पूर्ण झालेली. कडेने बेलाच्या पानांची बारीक नक्षी होती, नावं एकाखाली एक सुबक बसलेली होती, आणि मुलीच्या मामाचं नाव, जे गिऱ्हाईक सांगायला विसरलं म्हणून उद्या विचारायचं केदारनाथाने ठरवलं होतं, तेही त्यात होतं. काम इतकं नेटकं होतं की त्याला स्वतःला ते जमलं नसतं. माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं, असं त्याने रोहिणीला विचारलं. तिने आधी त्याच्याकडे आणि मग पडद्याकडे बघितलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "तुमीच की. मी हितंच बसून शेंगा सोलत हुते."

आता मात्र केदारनाथाच्या आत जो दुकानदार होता तो जागा झाला. दुपारी या घरात कोणीतरी येतं, माझ्या खुर्चीवर बसतं, आणि हिला ते लपवायचं आहे. बीडमध्ये हे काम येणारी माणसं किती? त्याला पहिल्यांदा बंकट आठवला. तो दुपारी मुद्दाम त्याच्या दुकानावरून गेला, तर बंकट जागेवर बसून कसल्याशा तारेला डाग देऊन जोडत होता आणि त्याने मान वर केली नाही. मग त्याने आईला विचारायचं ठरवलं. शांतादेवींना खोटं बोलता येत नसे. देवळात मागितलेला नवसही त्या घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकत. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आईजवळ बसून, इकडतिकडचं बोलून, त्याने हळूच काल दुपारचा विषय काढला.

"आलतास की," शांतादेवी म्हणाल्या. "दोन भाकरी खाल्ल्यास. आमटीला चांगलं म्हणलास. लई दिवसांनी माझ्याजवळ बसलास रे." आणि त्यांनी गव्हाचा हात तसाच त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

त्याने दुकानात जाऊन आप्पांना आडून विचारलं. आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले की काल दुपारभर तू इथेच गादीवर होतास, आणखी कुठे जाणार होतास? म्हणजे दुकान म्हणत होतं की तो दुकानात होता आणि घर म्हणत होतं की तो घरात होता. केदारनाथाने सोपा अर्थ काढला. दोन्ही बायका मिळून कोणालातरी पाठीशी घालत आहेत. हा विचार मनात आला तेव्हा त्याला रागापेक्षा भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही, सांगायला संकोच वाटावा इतकं वाईट वाटलं.

मग त्याने पाळत ठेवली. त्या दिवशी त्याने मोठी डिस्क लावली, मशीन चालू ठेवलं, नेहमीसारखा निरोप घेऊन गेला, आणि दुपारी आप्पांना काहीतरी सांगून परत येऊन घरासमोरच्या त्यांच्याच कापडाच्या गोदामात उभा राहिला. फळीच्या फटीतून घराचं दार समोर दिसत होतं. ऊन भरपूर होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बराच वेळ कोणीही आत गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही. आपण मूर्ख आहोत, उगीच सोन्यासारख्या बायकोवर संशय घेतला, असं म्हणत तो निघणार, तेवढ्यात माडीच्या खिडकीतून रोहिणीचं हसणं ऐकू आलं. मोकळं, न आवरता येणारं हसणं. ती अशी हसते हे तो विसरूनच गेला होता. त्यापाठोपाठ पुरुषाचा बारीक आवाज आला, काहीतरी सांगणारा, आणि ती पुन्हा हसली.

तो गल्ली ओलांडून, जिन्याच्या पायऱ्या धडाधड चढून वर गेला. खोलीत रोहिणी एकटीच होती. खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली, पडद्यावर अर्धवट जुळवलेली पत्रिका, खाली चटईवर दोन जेवलेली ताटं. त्याने खुर्चीवर हात ठेवला. गादी गरम होती.

"काय विसरलं?" रोहिणीने विचारलं. "आत्ता तर खाली उतरलात." तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. त्याचा चेहरा बघितल्यावर ते मावळलं.

केदारनाथ खुर्चीकडच्या ताटापाशी वाकला. तो त्या ताटाकडे बघत होता. भाकरीचा शेवटचा तुकडा उरवलेला, आणि मिरच्यांची देठं ताटाच्या डाव्या कडेला, एकाशेजारी एक, ओळीने लावून ठेवलेली. घरात असं फक्त तोच करत असे. लहानपणापासून करत आला होता, आणि आई त्यावरून त्याला हसत असे.

त्यानंतर त्याने मोठी डिस्क काढून कापडात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. रोज कोरीच लावू लागला. दुपारी कोणी येईनासं झालं. पाळत ठेवायचीही गरज नव्हती, कारण घरात शिरताक्षणीच ते कळत असे. चहा गोड यायचा. रोहिणी कप ठेवून निघून जायची. पूर्वी ती अशीच होती, आणि तेव्हा त्याला त्यात काही कमी वाटलं नव्हतं; आता वाटत होतं. एकदा संध्याकाळी आई म्हणाली की तू हल्ली दुपारी येत नाहीस, आम्ही दोघी ताटं करून थांबतो. त्याची वाट या घरात कोणी कधी बघितली नव्हती, कारण तो कधी येतच नव्हता. आणि आता जी वाट बघितली जात होती ती त्याची नव्हती.

एका दुपारी तो मुद्दाम घरी गेला. रोहिणीने ताट वाढलं. त्याने दोन भाकरी खाल्ल्या. आमटी चांगली झाली आहे, असं तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आपला आवाज ठीक लागलेला नाही. रोहिणीने सासूकडे बघितलं. सासूने ताटाकडे बघितलं. काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून त्याने बस्त्याला आलेल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला घेतली, तर रोहिणी सौम्यपणे म्हणाली की ही तुम्ही मागेच सांगितलीत, आणि तेव्हा जास्त रंगली होती. ती हे टाकून बोलली नाही. गिऱ्हाइकाचं मन न दुखवता साडी बाजूला सारावी, तसं बोलली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाटावर बसून केदारनाथ दुसऱ्या कोणाचीतरी नक्कल करत होता, आणि ती नीट साधतही नव्हती.

दुकानात तर त्याहून विचित्र होऊ लागलं. बायका गादीवर येत आणि केदारनाथ समोर बसलेला असताना आप्पांना विचारत की केदारशेठ कुठे गेले. तो बोलला की दचकत, मग ओशाळून हसत. एके दिवशी तो सबंध दुपार कापडाची ठाणं उलगडून घड्या घालत बसला होता, आणि दिवेलागणीला आप्पा त्याच्यावर चिडून म्हणाले, "गादी मोकळी टाकून दुपारभर कुठं गेलतास बे?" आप्पांनी त्याला आयुष्यात कधी बे म्हटलं नव्हतं. त्याने हात पुढे करून दाखवले; कोऱ्या कापडाची खळ बोटांना लागलेली होती. आप्पांनी त्या हातांकडे बघितलं, पण ते कोणाचे आहेत हे ठरवता येत नसल्यासारखं बघितलं.

डिस्क परत करून टाकायची, एवढं त्याने त्या रात्री पक्कं केलं. मोठी बंकटच्या हवाली करायची, कोरी ठेवायची, आणि उद्यापासून साखर सोडायची, दुपारी घरी यायचं, आईजवळ बसायचं. जे त्या दुसऱ्याला जमलं ते आपल्याला जमणार नाही असं थोडंच आहे? बायको आपली, आई आपली, घर आपलं. हे सगळं सरळ होतं, आणि त्याने ते सरळपणे केलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण मुरलेला संशय माणसाला सुखाने गप्प बसू देत नाही. त्याला एक गोष्ट कळून घ्यायची होती. रोहिणीला ठाऊक आहे का? आणि ठाऊक असेल, तर तिला कोण हवा आहे? तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

श्रावण संपत आला आणि बंकट आला. भर दुपार होती. बंकट खाली ओट्यावर टेकला, पिशवी मांडीवर घेऊन, आणि घाई नाही म्हणाला. केदारनाथ माडीवर गेला. त्याने मशीन बंद केलं, कोरी डिस्क काढली, कपाटातली मोठी काढली, टेबलावर कापड पसरून दोन्ही त्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि रोहिणीला हाक मारली. ती हात पुसत आली. कापडावरच्या त्या दोन पेट्या बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"एक ठेवायचीय, एक परत द्यायचीय," तो म्हणाला. "तू सांग."

तिने आधी त्याच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत इतकी माया आणि इतकी लाज होती की केदारनाथाला वाटलं, आपण जिंकलो. आता ही रडेल, सगळं सांगेल, आणि आपण तिला जवळ घेऊ.

"खरं सांगू?" ती म्हणाली.

"खरंच सांग."

"तुमी वाईट न्हाई. मला कधी तुमी तरास दिला न्हाई. पण तुमी घरात असून मी चार वर्षं एकटीच जेवले." तिने पुढे होऊन मोठ्या डिस्कवर हात ठेवला. "ही राहू द्या."

त्याला बोलायचं होतं. उद्यापासून येतो म्हणायचं होतं, साखर सोडली म्हणायचं होतं, तुझं हसणं मी ऐकलं, तसं मलाही हसवता येईल, शिकेन, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण नेणाऱ्याने मध्ये बोलू नये, हे त्याच्या हाडात इतकं भिनलं होतं की त्याने ते पुन्हा मिटलं. रोहिणीने तोवर डिस्क उचलून कॅबिनेटमध्ये सरकवली होती. केबलची लाल कड कुठल्या बाजूला येते ते न बघता तिने ती बरोबर बसवली, स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. हे तुला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं नाही. खोलीत तो खोल, सावकाश आवाज सुरू झाला. केदारनाथाने कोरी डिस्क कापडात गुंडाळली आणि जिना उतरला.

बंकटने ती घेतली, पिशवीत ठेवली, आणि जणू हे असंच होणार हे त्याला पहिल्यापासून माहीत असावं तसा उठून उभा राहिला. आता हिचं काय करणार, असं केदारनाथाने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"पालीला एक घर हाय," बंकट म्हणाला. "तिथं दाखवायचीय. बघू, त्या बाईला पसंत पडती का." मग तो चपला घालू लागला, आणि थांबून केदारनाथाच्या पायांकडे बघत राहिला. केदारनाथाने त्याच्या नजरेबरोबर खाली बघितलं. आपणही एका पायात चप्पल घातली आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

आतून शांतादेवी आल्या. जिन्याखाली उभं राहून, वर तोंड करून त्यांनी हाक मारली, "केदार, ताट वाढलंय रे."

"आलो, आई," वरून आवाज आला. खुर्ची मागे सरकली. रोहिणी काहीतरी म्हणाली आणि हसली.

शांतादेवी समाधानाने वळल्या, तेव्हा त्यांना दारात उभी असलेली दोन माणसं दिसली. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आत गेल्या, आणि तांब्याभांडं घेऊन आल्या.

"ऊन लई हाय, पाव्हणं," त्या केदारनाथाला म्हणाल्या. "पाणी पिऊन जावा."

केदारनाथ पाणी प्यायला. भांडं परत देताना त्याची बोटं आईच्या बोटांना लागली, आणि परक्या पुरुषाचा हात लागावा तसा त्यांनी आपला हात चटकन मागे घेतला.